गळ टाकायला कुठे जावं: उजनी, पवना की भंडारदरा?

पुण्या-मुंबईकडच्या माणसाने नवा रॉड आणि रील घेतला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: शनिवार-रविवार जोडून जायचं कुठे? बहुतेकदा तीन धरणांची नावं पुढे येतात. भीमेवरचं उजनी, मावळातलं पवना आणि अकोले तालुक्यातलं भंडारदरा. माझं मत आधीच सांगून टाकतो. मासाच हवा असेल तर उजनी. घरच्यांना सोबत न्यायचं असेल तर पवना. भंडारदऱ्याला मात्र निव्वळ गळासाठी जाऊ नये.

आकाराने तिघांची बरोबरीच नाही. उजनीची साठवण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), भंडारदऱ्याची ११ आणि पवनेची साडेआठच्या आसपास. पण काठावर बसून गळ टाकणाऱ्याला टीएमसीपेक्षा काठ कसा आहे हे महत्त्वाचं. उजनीच्या फुगवट्याखाली, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्याखाली, सपाट शेतजमीन बुडाली आहे. त्यामुळे भिगवण, डिकसळ, कुंभारगावच्या बाजूला पाणी लांबवर उथळच असतं आणि पातळी जरा उतरली की काठ पार आत सरकतो. म्हणूनच निघण्याआधी धरणाची टक्केवारी बघायची. सोलापूरकडचे लोक 'उजनी मायनसमध्ये गेली' म्हणतात, तेव्हा धरण कोरडं पडलेलं नसतं. शून्य टक्क्याखालीही ६० टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी, असतो. पण पाणी जुन्या नदीपात्राकडे आटतं, पळसदेवचं बुडालेलं मंदिर उघडं पडतं आणि मासाही पाण्याबरोबर आत जातो. तुमच्या आणि त्याच्या मधे उरतो तो गाळ. वरून भेगा पडलेला, वाळलेला दिसतो, पण पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. अशा वेळी स्थानिक माणूस जिथून चालतो तिथूनच चालायचं.

पवनेचं उलट आहे. तुंग, तिकोना, लोहगड यांच्यामधली ही डोंगरातली खोरी, त्यामुळे काठ उताराचा. चार पावलांवर पाणी खोल होतं. गळाला हे सोयीचं, कारण लांब फेकावं लागत नाही. पोरांना घेऊन गेलेल्यांनी मात्र याच उताराची धास्ती बाळगावी. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आणखी एक पाऊल पुढे टाकणाऱ्यांचे जीव इथे गेले आहेत.

आता मासा. उजनीत राहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, मरळ, वाम असं बरंच काही मिळतं, पण राज्य आहे ते चिलापीचं. नवशिक्याला याचा फायदाच होतो. बारीक गळ, गांडुळाचा तुकडा आणि गळाच्या हातभर वर दोरीला बोया (तरंगणारा तुकडा), एवढ्यावर दिवस मोकळा जात नाही. चिलापी आमिष टकटक टोचते, सोडते, पुन्हा टोचते. तेव्हा ओढायचं नाही. बोया सरळ खाली गेला की झटका द्यायचा. मृगळ तळाला चरतो. त्याने आमिष उचललं की वजन हलकं होऊन बोया पाण्यावर आडवा पडतो, आणि ओढायची वेळ तीच. राहूसाठी आमिष मधल्या पाण्यात ठेवायचं, कटल्यासाठी आणखी वर. आमिष म्हणून मळलेल्या कणकेत शेंगदाण्याची पेंड कालवली तरी भागतं, दुकानातलं महागडं आमिष लागत नाही. पवनेतही हीच जात-जमात आहे, पण तिथे धीर जास्त लागतो.

खाण्याचा विचार असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं. तेच पाणी शहराचं सांडपाणी होऊन मुळा-मुठेत येतं, तिथून भीमेत आणि शेवटी उजनीत. उन्हाळ्यात फुगवट्यावर शेवाळाचा हिरवा तवंग येतो तो यामुळेच. मी उजनीतला मासा पाणी भरलेलं असताना, हिवाळ्यात खातो; तवंग दिसला की गळाला लागलेलं घरी आणत नाही. हे दु:ख फक्त गळ टाकणाऱ्यांचं नाही. त्या पाण्यावर भोई समाजाची कित्येक घरं चालतात.

त्यांच्यामुळेच परवानगीचा मुद्दा येतो. धरणातली मासेमारी मत्स्यव्यवसाय संस्थांना ठेक्याने दिलेली असते आणि मत्स्यबीजही त्याच सोडतात. म्हणून काठावरच्या गावात आधी संस्थेच्या माणसाला विचारायचं आणि मगच बसायचं. उजनीवर हे सोपं जातं, कारण भिगवणला मासळीचा बाजार आहे आणि सकाळी तिथेच सगळे भेटतात. कोणत्या बाजूला काय लागतंय हेही तिथेच कळतं. पवनेवर काठाचा बराच भाग तंबूवाल्यांच्या आणि खासगी जागांच्या हातात गेला आहे, तेव्हा जागामालकाचीही परवानगी लागते. शनिवारी रात्री तिथे स्पीकर लागतात. जमलं तर मधल्या वारी जावं.

कधी जायचं? पावसाळा तिन्हीकडे सोडून द्यावा. तो माशांच्या विणीचा काळ असतो; पोटात अंडी असलेली मादी ओढून काढण्यात काही शौर्य नाही. दिवाळीनंतर काठ वाळतो. कडाक्याच्या थंडीत राहू-कटला सुस्त असतात, होळीच्या सुमारास पाणी तापलं की पुन्हा चरायला लागतात. उजनीवर नोव्हेंबर ते मार्च रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब हे पाहुणे पक्षी येतात. तुटलेली नायलॉनची दोरी त्यांच्या पायात अडकते, म्हणून तुकडा न् तुकडा खिशात घालून परत आणायचा. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं तर होडीत पाय ठेवू नका. २१ मे २०२४ ला कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान अशाच वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले.

भंडारदरा सुंदर आहे यात वादच नाही. १९२६ चं विल्सन धरण, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, मे-जूनमधले काजवे, यासाठी जरूर जा. पण पाण्याचा वरचा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, त्यामुळे वन विभागाला विचारल्याशिवाय गळ बाहेर काढता येत नाही. पुण्याहून पावणेदोनशे किलोमीटर जाऊन रॉड गाडीतच ठेवायची वेळ येऊ नये. पुण्याहून भिगवण शंभरेक किलोमीटर आहे आणि रेल्वे स्टेशन आहे. पवनेला कामशेतपर्यंत लोकलने जाऊन पुढे गाडी करता येते. मुंबईकराला एका दिवसात परतायचं असेल तर पवईला महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन आहे. तिथे सभासदत्व लागतं, आणि तलावात मगरी आहेत, तेव्हा पाण्यात उतरायचं नाही.

कुठेही महाशीर लागला तर तो ओल्या हाताने धरून, गळ काढून लगेच पाण्यात सोडा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून ती नद्या-तलावांत सोडली जात आहेत. चिलापीला ही सवलत नको. ती बाहेरून आलेली आहे आणि आपल्या माशांची जागा खाते, तेव्हा धरलेली परत पाण्यात टाकू नका.