किल्ला मोडला नाही म्हणून: अंगणातल्या खेळण्यांचा नऊ महिन्यांचा अनुभव

आमचं घर साताऱ्यात गोडोलीला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. पुढं बारा बाय पंधराचं अंगण, अर्ध्यात फरशी, अर्ध्यात माती, कडेला पेरूचं झाड. थोरली आता पावणेसहा वर्षांची, धाकटा सव्वातीन. गेल्या दिवाळीत आम्ही ठरवलं की संध्याकाळी टीव्ही-मोबाइल बंद आणि पोरं बाहेर. पण बाहेर काढून त्यांच्या हातात द्यायचं काय, हे ठरवायला बरेच महिने आणि बरेच पैसे गेले. हिवाळा, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा या वस्तू वापरून झाल्या आहेत, म्हणून आता लिहिते.

सगळ्यात महाग वस्तू आधी. थोरलीच्या वाढदिवसाला माझ्या भावानं प्लास्टिकचं खेळघर दिलं. किंमत ९,००० रुपयांच्या आसपास. दार, दोन खिडक्या, आत भिंतीलाच जोडलेली शेगडी आणि सिंक. पहिले दोन आठवडे दोघं त्यातून बाहेर यायला तयार नव्हती. जानेवारीपर्यंत त्यात फक्त शेजारची मांजर झोपायला लागली. असं का झालं ते बघायला मी एका संध्याकाळी निवडायची मेथी घेऊन शेजारीच बसले. शेगडीवर जाळ छापलेला होता. नळ फिरत नव्हता. खिडकीखालच्या टोपलीत केळं होतं, तेही टोपलीसकट भिंतीतूनच काढलेलं. धाकट्यानं ते केळं दोन्ही हातांनी ओढलं, मग पाय भिंतीला लावून ओढलं, मग माझ्याकडे बघितलं. केळं निघेना. तो उठून मातीत गेला आणि पेरूचं वाळकं पान खुडून मला दिलं. "केळं घे." त्या घरात सगळं आधीच ठरलेलं होतं, पोरांनी ठरवायला काही उरलंच नव्हतं.

एप्रिलच्या उन्हात छताचा लाल रंग गुलाबी पडला आणि दाराची बिजागरी तडकली. खोक्यावर 'बाहेर वापरण्यासाठी' असं स्पष्ट छापलेलं आहे. कंपनीला फोटो पाठवले, तर उन्हानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही असं उत्तर आलं. बाहेर ठेवायच्या वस्तूला ऊन लागणारच. या उत्तराचा मला आजही राग येतो. घेणाऱ्यांनी एवढं बघावं: उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं. ते सोसायला त्यात यूव्ही स्टॅबिलायझर मिसळावा लागतो. गच्चीवरच्या काळ्या टाक्या वर्षानुवर्षं टिकतात, कारण त्यातला काळा कार्बनच ऊन अडवतो. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. साधं पॉलिप्रॉपिलीन उन्हात फार लवकर तडकतं. विक्रेत्याला स्टॅबिलायझरबद्दल लेखी विचारा. उत्तर मिळालं नाही तर वस्तू सावलीत ठेवायची या हिशोबानंच घ्या.

दार निखळल्यावर मात्र ते दार रोज खेळात आलं. आधी पाटावरचा पूल झाला, मग दुकानाचा गल्ला, मग दोन विटांवर ठेवून एसटीची मागची सीट. नऊ हजारांच्या घरातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे ती तुटलेली फळी.

बॅटरीवरची जीप आम्ही शेजाऱ्यांकडून पंधरा दिवस वापरायला आणली होती. बटण दाबायचं आणि बसून राहायचं. आमच्या एवढ्याशा अंगणात ती पेरूला धडकायची. परत दिली.

आता किल्ल्याबद्दल. दिवाळीत साताऱ्याच्या गल्लीगल्लीत किल्ले होतात, तसा आम्हीही केला. दगड-विटा रचल्या, वर ओलं पोतं टाकलं, त्यावर लाल मातीचा चिखल थापला, अळीव पेरले. कुंभाराकडून महाराजांची मूर्ती आणली आणि वीसेक मावळे आणले. मावळे मुद्दाम न रंगवलेले, भाजक्या मातीचे घेतले, कारण धाकटा तेव्हा अडीच वर्षांचा होता आणि हाताला लागेल ते तोंडात घालायचा. बुरूज झाल्यावर थोरलीनं उदबत्तीची जळकी काडी आणून माथ्यावर खोचली. "हे काय गं?" "टॉवर." अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे. तिनं जन्मल्यापासून गड बघितला तो मनोऱ्यासकट. चुलत दादा म्हणाला, महाराजांच्या वेळी टॉवर नव्हता. ती थोडा वेळ काडीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग खालच्या मावळ्यांना निरोप कसा कळणार?" काडी तिथंच राहिली.

एरवी तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडून अंगण झाडून घेतात. मी महाराजांची मूर्ती उचलून आत नेऊन ठेवली आणि कुदळ घेतली, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं तो. पोरं खेळतायत." त्यांच्या या एका वाक्यानं आम्हाला वर्षभराचं खेळणं मिळालं, आणि तेही फुकट. डिसेंबरात अळीव वाळले, तिथं शेत झालं आणि मावळे ऊसतोडीला गेले. जानेवारीत पायथ्याला बाजार भरला. फेब्रुवारीत पोरांनी वर एक खड्डा खणला, त्याचं नाव कास तलाव. साताऱ्याला कासचं पाणी उताराच्या जोरावर येतं, हे बाबांनी सांगितलं होतं. कूलरची जुनी पारदर्शक नळी मागून नेली आणि थोरली दोन संध्याकाळी पाणी 'साताऱ्यात' आणायचा प्रयत्न करत राहिली. नळीचं तोंड ती उचलून धरायची, म्हणजे मावळ्याच्या तोंडाजवळ. पाणी थांबायचं. कंटाळून तिनं नळी खाली टाकली आणि पाणी आलं. मग तिनं नळी उचलली, पाणी थांबलं. खाली ठेवली, आलं. हे तिनं किती वेळा केलं ते मोजलं नाही, पण पोळ्या लाटून झाल्या तरी चालूच होतं. मी मधे पडून समजावलं नाही, याचं मला समाधान आहे.

माझी आई निवृत्त बालवाडी शिक्षिका. ती राहायला आली तेव्हा हे सगळं बघून तिनं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा विषय काढला. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं असं गावात मिळेल तेच मुलांच्या हातात दिलं. आईनं आयुष्यभर तसंच शिकवलं. तिनं मला एक गोष्ट बजावून सांगितली, आणि ती खरी निघाली: अगदी लहान मुलाला वस्तू ओळखीची दिसावी लागते. दोन वर्षांच्या पोराला चहा प्यायला कपासारखा कप हवा. काडीला घोडा आणि विटेला फोन म्हणणं पुढं तिसऱ्या-चौथ्या वर्षी रुळतं. म्हणून 'नुसते दगड-काड्या द्या, पोरं खेळतील' हा सल्ला धाकट्याला लागू पडला नाही. त्याला आधी भातुकली लागली.

भातुकलीसाठी खेळण्यांच्या दुकानात गेलेच नाही. राजवाड्याजवळच्या भांड्यांच्या दुकानातून छोटं पातेलं, गाळणी, नरसाळं, दोन लहान तांबे, पळी आणि एक बारकं घमेलं घेतलं. खुरपं घरात होतं, ते सासूबाईंच्या देखरेखीखालीच हातात देतो. सगळे मिळून ७५० रुपये लागले. संक्रांतीची सुगडं पूजेनंतर पोरांना दिली. त्यातली तीन फुटली, दोन अजून आहेत. नऊ महिन्यांत सर्वात जास्त वापर झाला तो नरसाळं आणि घमेल्याचा. नरसाळं कधी पेट्रोल पंप, कधी भोंगा, कधी डोक्यावरची टोपी. घमेल्यात माती भरून इकडून तिकडे वाहून नेणं हा धाकट्याचा रोजचा धंदा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी. घमेलं आल्यापासून तो रात्री साडेआठलाच झोपतो.

एक सावधगिरी. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विकतचं खेळणं घेताना ते बघाच. पण पातेलं-गाळणी ही खेळणी म्हणून तपासलेली नसतात, ती तपासणी आपणच करायची. मी प्रत्येक कडेवरून बोट फिरवलं. गाळणीची जाळी एका बाजूनं उसवलेली होती, ती बदलून आणली. वाळू घेतली नाही. क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली बांधकामाची वाळू, हाताला टोचते आणि उघड्या वाळूत मांजरं घाण करतात. बांधकामावरून एक पोतं लाल माती मागून आणली, रात्री तिच्यावर ताडपत्री टाकतो.

दुसरी मोठी वस्तू म्हणजे सासूबाईंची जुनी सुती नऊवारी. पेरूची फांदी आणि खिडकीचा गज यांच्यामध्ये टाकली की तंबू. खाली अंथरली की नदी. जूनमध्ये आम्ही लोणंदला माउलींच्या पालखीच्या दर्शनाला गेलो होतो. परत आल्यावर चार दिवस अंगणात पालखी निघाली. भाजीची दुरडी, दोन बांबू, वर नऊवारी, आत पेरूची पानं. धाकटा पुढं टाळ म्हणून दोन वाट्या वाजवत होता. थोरलीनं मला सांगितलं, "आई, तू तरडगावला थांब, आम्ही येतोय." मी पायरीवर बसले. पालखी माझ्यापर्यंत यायला अर्धा तास लागला, कारण वाटेत दोनदा मुक्काम झाला आणि एकदा धाकट्याला शू आली. एवढ्या मोठ्या साडीचा एक धोका आहे: ती मानेभोवती गुंडाळली जाऊ शकते. दोरी, साडी, ओढणी मोठं माणूस समोर असतानाच द्यायची आणि खेळ संपला की आत.

लाकडाच्या वखारीतून तुकडे आणले होते, सागाचे आणि बाभळीचे. पॉलिश पेपर मारायला दोन रविवार गेले. छान आहेत, जड आहेत, त्यांचे पूल आणि भिंती होतात. पण पावसाळ्यात फुगतात आणि ओल्या जागी ठेवले तर वाळवी लागते. आता ते पोर्चमध्ये मांडणीवर असतात. जमिनीवर ढीग करून ठेवूच नका. मे महिन्यात एका फळकुटाखाली विंचू निघाला. सुदैवानं तो नवऱ्याला दिसला. तेव्हापासून नियम असा की सकाळी मोठ्यांनी सगळं हलवून बघायचं, मगच पोरांनी हात लावायचा.

पावसाळ्यातली दुसरी गोष्ट डासांची. तांबे, सुगडं, घमेलं, जुना टायर, सगळ्यात पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासाला तेवढंच लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात आणि भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली अंडी कोरडी होऊनही महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. दर रविवारी आमचा कोरडा दिवस असतो. पोरं स्वतः भांडी काथ्यानं घासतात, त्यांच्या दृष्टीनं तोही खेळच. टायर मात्र आम्ही काढून टाकला.

चिंचोके, सागरगोटे, गोट्या धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत कपाटात होते. साधारण ३.२ सेंटीमीटर व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण बसते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, असं खेळण्यांच्या तपासणीत धरतात. घरी तेवढ्या मापाचं नळकांडं घ्या आणि वस्तू त्यात घालून बघा. थोरलीला हा नियम आवडत नव्हता, तरी तिनं पाळला.

कोणी विचारलं तर मी असं सांगेन: दोन वर्षांच्या मुलासाठी भांडी आणि पाणी, पाणी मात्र तुमच्या डोळ्यासमोर आणि अगदी थोडंच. तीननंतर माती, घमेलं, नळी. चार-पाचला साडी, बांबू, फळ्या आणि मुख्य म्हणजे मोडायची घाई न करता सोडलेला एक कोपरा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पार्किंगच्या कडेला विटांचा छोटा वाफा करून बघावा. माझ्या नणंदेनं शाहूपुरीत तसं केलं आहे आणि सोसायटीनं आक्षेप घेतलेला नाही. घसरगुंडी घ्यायची असेल तर घ्या, शरीराला चांगलीच आहे, फक्त उन्हाळ्यात चारच्या आधी तिच्यावर हात ठेवून बघा. तापते फार.

आता जुलै आहे. आठ दिवस पाऊस थांबलेला नाही आणि किल्ल्याचा बुरूज खचला. काल सकाळी मी ताडपत्री घेऊन गेले, तर थोरली गमबूट घालून आधीच तिथं उभी. यंदा खेळण्यांच्या पैशातून आम्ही दोघांना गमबूट घेतले आहेत, बरोबर मापाचे. पाणी कासच्या खड्ड्यातून ओसंडून खाली उडी घेत होतं आणि दोन मावळे चिखलात आडवे झाले होते.

"आई, झाकू नको. ठोसेघरचा धबधबा झालाय."

मी ताडपत्री तिच्या डोक्यावर धरून उभी राहिले.