लेबल बघून खरेदी की युनियनला साथ?

शर्टाची कॉलर उलटून ‘मेड इन बांगलादेश’ वाचणारे आपण थोडेच. तेवढं वाचून, प्रमाणपत्रवाला माल शोधून घेणं हा कपडे शिवणाऱ्या कामगारांना साथ द्यायचा एक मार्ग. सोपा आहे, घरबसल्या होतो. पण कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला एसए८००० हे कामगारांची सुरक्षा आणि हक्क पाळल्याचं प्रमाणपत्र मिळालं आणि काही आठवड्यांतच, सप्टेंबर २०१२ मध्ये, तिथल्या आगीत अडीचशेहून जास्त कामगार गेले. खिडक्यांना गज, दारं बंद. तपासणी कागदावर झकास!

दुसरा मार्ग कामगारांच्या संघटनेचा. ढाक्याजवळ सावारला राणा प्लाझाच्या भिंतींना आदल्या दिवशी तडे गेले होते. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, शिलाई कामगारांना मात्र पगार कापायची धमकी देऊन आत धाडलं. २४ एप्रिल २०१३ ला आठ मजली इमारत कोसळली, अकराशेहून अधिक मेले. ‘आम्ही आत जाणार नाही’ म्हणायला तिथे युनियनच नव्हती.

त्यानंतर झालेला ‘अकॉर्ड’ करार ब्रँड आणि कामगार संघटनांमधला, कायद्याने बांधील. धोक्याच्या जागी काम नाकारायचा हक्क त्यात लिहिलेला.

माझं झुकतं माप दुसऱ्याला. मात्र ब्रँड सहीला आले ते गिऱ्हाइकांच्या ओरड्यामुळेही, हे नाकारता येत नाही. सरसकट बहिष्कार मात्र नको: ऑर्डर आटली की आधी नोकरी जाते ती मशीनवरच्या बाईचीच.