सबमरीनर, स्पीडमास्टर, रिव्हर्सो की स्नोफ्लेक? वीस वर्षांत आवड सरकत गेली त्याचा हिशेब

आजवर अकरा घड्याळं घेतली, त्यातली सात विकली. कपाटात उरली ती चार: रोलेक्स सबमरीनर (मॉडेल १६६१०, २००४ मध्ये घेतलेलं), ओमेगा स्पीडमास्टर (२००९), जेजेर-लकूल्त्रचं रिव्हर्सो (२०१४) आणि ग्रँड सीकोचं स्नोफ्लेक (२०१८). मे महिन्यात भाचा आला तेव्हा टेबलावर रुमाल अंथरून चारही मांडली. वय तेहतीस, हातात चांगला बोनस, आणि प्रश्न सरळ: "मामा, एकच घेणार आहे, आयुष्यभरासाठी. यातलं कुठलं घेऊ?"

'आयुष्यभरासाठी' ऐकून हसू आलं. हाच शब्द मी २००६ मध्ये बायकोला ऐकवला होता, ४४ मिलिमीटरचं पानेराई घेताना. तेव्हा मोठ्या घड्याळांची हवा होती. माझं मनगट साडेसहा इंची. त्यावर ते कुकरच्या झाकणासारखं दिसतंय हे घरात सगळ्यांना कळत होतं, मला सोडून. पाच वर्षांनी विकलं. (आता वडिलांच्या एचएमटीची गोष्ट येणार असं वाटत असेल, तर नाही येणार. त्या विषयावर मराठीत पुरेसं रडून झालंय.)

भाच्याला दोन तास जे सांगितलं तेच इथे, जरा आवरून.

सबमरीनर मी दिसावं म्हणून घेतलं. कबूल करायला आता लाज वाटत नाही. १९५३ पासून चालत आलेलं हे पाणबुड्यांचं घड्याळ ३०० मीटर खोलीचं म्हणून विकलं जातं. मी त्याला तारकर्लीला कमरेइतक्या पाण्यात नेलंय, त्यापुढे नाही. पण मुंबईच्या पावसात ते डोळे मिटून घालता येतं, हा गुण मला घेताना सुचलाही नव्हता. तसंच तारखेवरच्या भिंगाचं. काचेवर आलेला तो फुगवटा चौतिसाव्या वर्षी मला डोळ्यांत खुपायचा. बिनतारखेचं घ्यायला हवं होतं असं वाटायचं. मग चाळिशी लागली. आता चष्मा दुसऱ्या खोलीत राहिला तरी तारीख कळते ती याच एका घड्याळावर. घड्याळात काहीच बदललेलं नाही, माझे डोळे बदलले.

जुन्या १६६१० ची चेन हलकी आहे, मधल्या कड्या पोकळ, आणि चेन अडकवायची कडी म्हणजे दाबून काढलेला पत्रा. हात हलवला की खुळखुळतं. २०१० मध्ये सिरॅमिकची बेझेल (काचेभोवतीची फिरती कडा) आली, ती उन्हाने विटत नाही आणि सहसा ओरखडत नाही. कडीही भक्कम झाली, आणि हत्यार न घेता सैल-घट्ट करता येऊ लागली. मात्र पट्टा बसतो ते खांदे त्यांनी इतके रुंद केले की ४० मिलिमीटरचं घड्याळ त्याहून मोठं दिसू लागलं. २०२० च्या मॉडेलात माप ४१ झालं तरी खांदे पुन्हा उतरते केले, शिवाय चावी भरलेली असली तर ते ७० तास चालतं. माझं जेमतेम ४८. मनगट बारीक असेल आणि जुन्याचा खुळखुळाट चालत असेल तर जुनं, नाहीतर २०२० नंतरचं. मधलं मी घेणार नाही.

जुनं घेताना एक बघाच: चारही खांद्यांच्या धारा. माझं एकदा सर्व्हिसिंगला दिलं होतं, तिथे न विचारता पॉलिश मारून चकाचक करून दिलं. बायकोला आवडलं. मला मात्र डावीकडच्या खालच्या खांद्यावरची धार बोट फिरवलं की लागायची, ती आता लागत नाही. गेलेला धातू परत येत नाही. तेव्हापासून पावतीवर 'पॉलिश करू नये' असं लिहून घेतो.

स्पीडमास्टर घेतलं ते गोष्टीसाठी, आणि गोष्ट खरोखर चांगली आहे. १ मार्च १९६५ रोजी नासाने ते अंतराळवीरांसाठी पात्र ठरवलं. १९६९ मध्ये चंद्रावर उतरल्यावर आर्मस्ट्राँगने स्वतःचं यानातच ठेवलं, कारण यानातलं इलेक्ट्रॉनिक टायमर बिघडलं होतं. म्हणून चंद्रभूमीवर पहिलं गेलं ते ऑल्ड्रिनच्या हातावरचं. पुढच्या वर्षी अपोलो १३ परत येताना १४ सेकंदांचं इंजिन-ज्वलन अंतराळवीर स्विगर्टने याच घड्याळावर मोजलं. २००९-१० मध्ये घरी आलेला एकही पाहुणा हे ऐकल्याशिवाय सुटला नाही.

आता ते रोज हाताळण्याबद्दल. चावी हाताने द्यायची, रोज सकाळी. चावीचं बटण लहान, त्यात केसची, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या खोळीची, कड त्याच्या बाजूने फुगलेली, त्यामुळे ओल्या बोटांना ते सापडत नाही. काच माझ्या मॉडेलात प्लॅस्टिकची, हेसालाइट म्हणतात ती. दाराच्या चौकटीला घासली की ओरखडा, पण टूथपेस्टचा थेंब आणि बनियनचा मऊ तुकडा घेऊन दहा मिनिटं गोल गोल घासलं की ओरखडा जातो. हे काम मला घड्याळ घालण्यापेक्षा जास्त आवडतं. पाण्यासाठी क्षमता ५० मीटर, म्हणजे हात धुवा, पोहू नका. आणि स्टॉपवॉच? मी आजवर त्यावर नेमाने मोजलेली एकच गोष्ट म्हणजे चतुर्थीच्या उकडीच्या मोदकांची वाफ. बारा मिनिटं. तीनच्या जागी असलेल्या छोट्या डायलवर काटा तिथे पोचला की झाकण उघडायचं.

तुम्ही आज घेणार असाल तर २०२१ नंतरचंच घ्या. त्यातलं नवं यंत्र १५,००० गाउसपर्यंतच्या चुंबकाला दाद देत नाही. फोनचं चुंबकी कव्हर, लॅपटॉपचं झाकण, पर्सची कडी यांच्यात दिवस काढणाऱ्याला या आकड्याचं मोल कळतं. चुंबक लागलेलं घड्याळ दिवसाला काही मिनिटंसुद्धा पुढे पळू शकतं.

रिव्हर्सोकडे वळलो तेव्हा मी चव्वेचाळीसचा होतो आणि मोठ्या घड्याळांना विटलो होतो. या घड्याळाचा जन्म आपल्याकडच्या मैदानांवरचा आहे. ब्रिटिश अधिकारी पोलो खेळायचे, खेळताना काचा फुटायच्या, आणि त्यांची ही तक्रार सेझार द त्रे नावाच्या व्यापाऱ्याने स्वित्झर्लंडला नेली. उलटून पाठ वर करता येईल अशा केसचं पेटंट पॅरिसमध्ये मार्च १९३१ मध्ये दाखल झालं. आयताकृती केस खाचेतून सरकवून उलटी केली की बारीकसा 'टक' होतो. मीटिंगमध्ये मी तो इतक्यांदा केला की एका सहकाऱ्याने माझ्यापुढे पेन सरकवलं.

हे चौघांत सगळ्यात देखणं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जाडी सात-सव्वासात मिलिमीटर, शर्टाच्या बाहीखाली आहे की नाही ते कळत नाही. पण पट्टा चामड्याचा, आणि आम्ही राहतो मुंबईत. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत घाम, मग पट्ट्याच्या आतल्या बाजूला काळा डाग आणि ओळखीचा तो आंबूस वास. दोन पट्टे असे गेल्यावर मी ते फक्त हिवाळ्यात आणि लग्नांत काढतो. पुण्यात, नाशकात राहणाऱ्याने ही तक्रार निम्मी करून वाचावी. बर्लिनला असलेल्या मावसभावाला तर ती कळणारच नाही.

उरलं स्नोफ्लेक. लग्नात एकाने माझ्या हाताकडे बघून म्हटलं, "सीको का? आमच्याकडेही होतं एक." खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा टोचलंच. २००४ मधला मी तिथल्या तिथे किंमत सांगून मोकळा झालो असतो.

त्याची डायल म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ. ही डायल जपानमधल्या शिन्शूच्या बर्फावरून सुचली, आणि घड्याळ तयारही त्याच भागात होतं. कोवळ्या उन्हात बघितली तर पांढऱ्यावर पांढऱ्याच सुरकुत्या दिसतात, ढग आले की सपाट होते. त्यावरून निळा सेकंदकाटा टिकटिक न करता सरकत जातो. याच्या यंत्राला स्प्रिंग ड्राइव्ह म्हणतात. त्यात ताकद चावीच्या स्प्रिंगचीच असते, बॅटरी नाही. वेग मात्र क्वार्ट्झच्या, म्हणजे ठरावीक गतीने कंपणाऱ्या स्फटिकाच्या, आधाराने आवरला जातो. म्हणून दिवसाला साधारण एका सेकंदाच्या आत चुकतं. टायटॅनियममुळे ४१ मिलिमीटर असूनही वजन १०० ग्रॅम, स्टीलच्या सबमरीनरपेक्षा ठळक हलकं. चावी पूर्ण भरलेली असताना शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी चालू मिळतं, ७२ तास. माझं सबमरीनर रविवारी संध्याकाळीच मान टाकतं आणि सोमवारच्या घाईत तारीख लावत बसावं लागतं.

खोट कडीत आहे. थोडं सैल करायची सोय नाही. दुपारी मनगट सुजल्यासारखं होतं तेव्हा चेन रुतते, रात्री एसीत सैल पडते. एवढ्या किमतीच्या घड्याळाला ही सोय नसावी, हे मला आजही पटत नाही. शिवाय स्पीडमास्टरचं जुनं यंत्र एखादा जाणता घड्याळजी उघडू शकतो. स्प्रिंग ड्राइव्हला तो हात लावणार नाही, ते कंपनीकडेच जातं.

भाच्याने मधेच विचारलं, "आणि गुंतवणूक म्हणून?" २०२१ मध्ये पाटेक फिलिपने स्टीलचं नॉटिलस ५७११ बंद केलं, आणि त्या डिसेंबरात टिफनीच्या निळ्या डायलचं एक न्यूयॉर्कच्या लिलावात ६५ लाख डॉलरला गेलं. त्या महिन्यांत मीही विकायची-घ्यायची गणितं मांडत होतो. २०२२ मध्ये बाजार उतरला. शेअर हवे असतील तर शेअर घे, म्हटलं.

किमतीचं थोडं: १० लाखांवरच्या घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून १ टक्का टीसीएस (विकताना दुकानदार वसूल करतो तो कर) लागू झाला, तो प्राप्तिकराच्या हिशेबात वळता करता येतो, पावती जपा. ईएफटीए देशांशी (स्वित्झर्लंड धरून युरोपातले चार देश) झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, त्यामुळे स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. जपानी घड्याळाला या कराराचा काही उपयोग नाही. दुकानातली किंमत त्या प्रमाणात खाली येईल असं धरून मात्र थांबू नका.

गेल्या वर्षी मी डायरीत रोज नोंद केली, कुठलं घातलं त्याची. स्नोफ्लेक १५२ दिवस, सबमरीनर ११८, स्पीडमास्टर ६१, रिव्हर्सो ३४. हा हिशेब बघून मीच चमकलो, कारण कोणी विचारलं असतं तर मी स्पीडमास्टर पहिलं सांगितलं असतं. त्याची गोष्ट मला इतकी पाठ झालीय की ती सांगायला घड्याळ हातात असायची गरज उरलेली नाही. चौघांतलं एक विकायचं झालं तर तेच जाईल.

एकच घड्याळ, तेहतिशी, रोज लोकल आणि पाऊस: अशा माणसाने सबमरीनर दुकानाच्या किमतीत मिळत असेल तर नंबर लावून घ्यावं. वरचे पैसे मोजून घेऊ नये. त्यापेक्षा स्नोफ्लेक घ्यावं, आणि कडीचा त्रास होतो का ते दुकानात अर्धा तास घालून, हात धुऊन, उन्हात एक फेरी मारून बघावं. रिव्हर्सो दुसरं घड्याळ म्हणून, आणि बायकोची संमती घेऊन. स्पीडमास्टर ज्याला रोज चावी द्यायला आवडते त्याने.

आवडते की नाही हे भाच्याला माहीत नव्हतं, म्हणून ते त्याच्याबरोबर पाठवून दिलं. दोन महिने झाले, अजून त्याच्याकडेच आहे. काचेवर एक ओरखडा पडलाय असं परवा फोनवर चाचरत सांगत होता. टूथपेस्ट कुठली वापरायची ते सांगितलं. चतुर्थीला मात्र सकाळी नऊच्या आत आणून दे, म्हटलं, मोदक आहेत.