आठ महिने लर्नर्स डिक्शनरी वापरल्यावर: ‘डू यू माइंड’ला ‘येस’ की ‘नो’?

नाशिकजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये मी एक्स्पोर्टचं काम बघतो. हंगामात नेदरलँड्स आणि इंग्लंडच्या खरेदीदारांशी रोज फोन असतो. शिक्षण मराठी माध्यमातलं. मेल नीट लिहायचो, पण फोनवर साधा प्रश्न आला की अडायचो. गेल्या हंगामात एकाने विचारलं, “हॅजन्ट द कंटेनर लेफ्ट?” मी म्हणालो, “येस.” माझ्या मनात होतं, ‘हो, नाही निघाला अजून.’ त्याने अर्थ घेतला, निघाला. ते निस्तरता निस्तरता दोन दिवस गेले, आणि मग मी ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी विकत घेतली.

हा कोश मुळात परक्या भाषेतून इंग्रजीकडे येणाऱ्यांसाठी केलेला. तो मुळात रचणारे ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. त्यांचा कोश 1942 साली टोकियोत निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढला. शिकणारा नेमका कुठे ठेचकाळतो हे समोर बसून पाहिलेल्या माणसाचं हे काम आहे, हे वापरताना जाणवतं.

‘माइंड’चंच बघा. “डू यू माइंड इफ वी शिप ऑन थर्सडे?” असं विचारलं की मी खुशीने “येस, येस” म्हणायचो आणि पलीकडे शांतता. कोशात या क्रियापदाचा अर्थ आहे वाईट वाटणं, त्रास होणं. आणि ते बहुतेक प्रश्नात किंवा नकारातच येतं, असं कंसात लिहिलंय. म्हणजे प्रश्न आहे ‘तुमची हरकत आहे का?’ आणि मी सांगत होतो, ‘आहे, आहे!’ आता “नो, नॉट ॲट ऑल” तोंडात बसलंय.

त्याहून मोलाचं मला ‘वंडर’खाली मिळालं. “आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड द पेपर्स.” कागद आत्ता हवेत, मग ‘वॉज’ कशाला? ही विनंतीची अदबशीर रीत आहे, असं कोश सांगतो. पण मला ते खरं पटलं ते आपल्या बोलण्यावरून. आपणही साहेबांच्या दारात उभं राहून म्हणतोच ना, “जरा बोलायचं होतं.” बोलायचं आत्ताच असतं, पण ‘होतं’ म्हटलं की समोरच्यावर दडपण येत नाही. तेव्हापासून प्रत्येक नोंदीशेजारी पेन्सिलने मराठी जोडीदार लिहितो. ‘हाउ कम’ म्हणजे ‘असं कसं काय?’ आणि “हाउ डू यू फाइंड द ग्रेप्स?” म्हणजे ‘कशी वाटली द्राक्षं?’, इथे शोधण्याचा काही संबंध नाही.

कंटेनरचा घोळ मात्र एका नोंदीत सुटण्यासारखा नव्हता. उदाहरणाची वाक्यं वाचत वाचत तो माझा मलाच उलगडला. आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो: ‘जेवला नाहीस?’ ‘हो, नाही जेवलो.’ इंग्रजीतला ‘येस’ किंवा ‘नो’ आपल्याच उत्तराशी जुळतो. निघाला नसेल तर “नो, इट हॅजन्ट”, मग प्रश्न कसाही येवो. फोनवर नुसतं ‘येस’ म्हणून थांबू नका, पुढचे दोन शब्द बोलाच.

शब्दांच्या जागाही तशाच. ‘कंटेनर कुठे आहे?’ आणि ‘कंटेनर कुठे आहे, सांगता का?’ यांत आपल्याकडे काही हलत नाही. इंग्रजीत एकटा प्रश्न “व्हेअर इज द कंटेनर?”, पण ‘कॅन यू टेल मी’ लागलं की “व्हेअर द कंटेनर इज”. मी वर्षानुवर्षं चुकीचं बोलत होतो, कुणी टोकलं नाही.

घ्यावा का? रोज इंग्रजी बोलावं लागत असेल तर जरूर घ्या, फक्त अर्थावर थांबू नका, खालची वाक्यं मोठ्याने म्हणा. अगदीच सुरुवात असेल तर आधी इंग्रजी-मराठी कोश बरा, कारण इथे अर्थही इंग्रजीतच आहेत.

आणि ‘कितवा’ अजून अडलेलाच आहे. ‘हा या हंगामातला कितवा कंटेनर?’ याला इंग्रजीत एक शब्द नाही. मी “हाउ मेनी कंटेनर्स हॅव वी सेंट बिफोर धिस वन?” असं वळसा घालून विचारतो. कुणाकडे याहून सुटसुटीत वाक्य असेल तर जरूर सांगा, जानेवारीच्या आत हवंय.