चित्रपट आधी की पान आधी? चित्रपटासोबतच्या भोजनाच्या तीन पद्धती

एखाद्या प्रांताचा स्वयंपाक आणि चित्रपट एकाच संध्याकाळी अनुभवायचा असेल, तर आज साधारण तीन पद्धती उपलब्ध आहेत. पहिलीत चित्रपट थेट टेबलावर उमटतो, दुसरीत पडद्यावरच्या प्रसंगाबरोबर घास हातात येतो आणि तिसरीत चित्रपट संपल्यावर पंगत बसते. तिन्हींची जाहिरात जवळपास सारख्याच शब्दांत केली जाते; जेवणाऱ्याच्या पदरात पडते ते मात्र फार वेगळे असते. परदेशाच्या प्रवासात अशी एकच संध्याकाळ परवडणार असेल, तर हा फरक आरक्षणापूर्वी समजून घेतलेला बरा.

टेबलावरच्या चित्रपटाचे सर्वांत पसरलेले उदाहरण म्हणजे ‘ल पती शेफ’. बेल्जियममधील ‘स्कलमॅपिंग’ या कलावंतांच्या जोडीने २०१५ मध्ये घडवलेला हा बोटभर उंचीचा आचारी छतावरच्या प्रोजेक्टरमधून आपल्या ताटलीत उतरतो, जिवाचा आटापिटा करून पदार्थ रचतो, आणि त्याचे काम संपले की दिवे लागून तोच पदार्थ खराखुरा समोर ठेवला जातो. अनेक शहरांतील हॉटेलांत आणि काही प्रवासी जहाजांवरही हा प्रयोग होत असल्यामुळे तो गाठणे तुलनेने सोपे आहे. सोबत लहान मुले किंवा भाषेची अडचण असलेले आजी-आजोबा असतील, तर मी निःशंकपणे हाच पर्याय सुचवीन, कारण इथे संवाद कळण्याची गरजच नसते. प्रांतीय चव हाच हेतू असेल, तर मात्र थोडे थांबावे. मार्को पोलोच्या मार्गावर बेतलेल्या त्याच्या कथेत फ्रान्स, अरबस्तान, भारत, हिमालय आणि चीन असा सारा प्रवास एका बैठकीत होतो. म्हणजे मालवण, खानदेश, बंगाल, चेट्टिनाड या सगळ्यांच्या वतीने एकच ताटली बोलणार. शिवाय पांढरी ताटली आणि पांढरे टेबल हाच इथला पडदा असल्याने ताटली जागची हलवून चालत नाही आणि सर्व टेबलांवर एकच चित्रफीत एकाच वेळी चालत असल्याने सावकाश जेवणाऱ्याला सवड मिळत नाही. आवडलेला पदार्थ पुन्हा वाढून घेणे, जे आपल्याकडे जेवण चांगले झाल्याची पहिली खूण मानले जाते, ते या आखणीत बसतच नाही.

दुसरी पद्धत लंडनच्या ‘एडिबल सिनेमा’सारख्या प्रयोगांमुळे माहीत झाली. तिथे प्रेक्षकाला क्रमांक घातलेली छोटी पुडकी देतात आणि खूण मिळताच त्या क्रमांकाचे पुडके उघडून खायचे असते. पडद्यावरचे अरण्य आणि तोंडातली चव एकाच क्षणी भेटतात, तेव्हा ही पद्धत इतर दोन्हींपेक्षा सरस ठरते. पण हेच तंत्र पूर्ण जेवणाला लावले की ते कोलमडते. आपल्याकडच्या अशाच एका कार्यक्रमाला मी गेले होते. पडद्यावर कोकणातल्या ओटीवर पाने मांडली जात असतानाच आमच्या मांडीवरच्या ट्रेमध्ये बांगड्याचे तिखले आणि तांदळाची भाकरी आली. तिरफळांचा वास आधी पोहोचला आणि त्या एका क्षणापुरते सगळे जमून आले. नंतर मात्र काटे काढायला उजेड नव्हता. बोटांनी चाचपडत मधला काटा सोडवेपर्यंत दोन महत्त्वाचे संवाद निसटले आणि संवादांकडे लक्ष द्यावे तर तिखले निवत होते. त्या स्वयंपाकामागचे कष्ट चवीतून स्पष्ट जाणवत होते, म्हणूनच वाईट वाटले. तेव्हा या पद्धतीचे तिकीट काढण्यापूर्वी पदार्थांची यादी अवश्य मागवावी. कोथिंबीर वडी, करंजी, घावनाची घडी असे एका घासाचे, रस न गळणारे पदार्थ असतील तर जावे; रस्सा-भात किंवा काट्याचा मासा असेल तर जाऊ नये.

तिसरी पद्धत स्पेनच्या बास्क प्रांतातील सॅन सेबास्टियन येथे पाहायला मिळते आणि माझा कौल तिलाच आहे. तिथल्या चित्रपट महोत्सवात २०११ पासून ‘कुलिनरी सिनेमा’ हा स्वतंत्र विभाग भरतो आणि त्यात बास्क कुलिनरी सेंटर या पाकविद्येच्या संस्थेचा सहभाग असतो. आधी खाद्यजीवनावरचा चित्रपट पाहायचा आणि मग त्या चित्रपटाला धरून रांधलेले भोजन घ्यायचे, असा त्याचा साधा क्रम आहे. या क्रमामुळे काय साधते, ते बास्क लोकांच्या ‘पिल-पिल’ या पदार्थावरून सांगता येईल. त्यात खारवलेला कॉड मासा लसणीसह ऑलिव्ह तेलात मंद आचेवर ठेवतात आणि पसरट भांडे गोल गोल हलवत राहतात. माशाच्या कातडीतला चिकट अंश तेलात मिसळत जातो आणि पीठ किंवा साय न घालताही दाटसर पांढरा रस तयार होतो. भांडे हलवणारा तो हात पडद्यावर नीट पाहून झालेला असला, की नंतर ताटलीतला रस नुसता पांढरा राहत नाही, त्यामागची मेहनत ओळखू येते. उजेड असतो, शेजाऱ्याशी बोलता येते आणि डोळ्यांना दोन ठिकाणी धावावे लागत नाही.

अडचणी तिथेही आहेत. महोत्सव सप्टेंबरमध्येच असतो, भोजनाच्या जागा मोजक्या असतात आणि बास्क स्वयंपाक मुख्यतः मासे व मांस यांवर उभा असल्याने शाकाहारी माणसाने आगाऊ विचारणा केल्याशिवाय पैसे भरू नयेत. शाकाहारी कुटुंबाला ‘ल पती शेफ’ अधिक सोयीचे पडेल, कारण तिथे शाकाहारी भोजनाचा पर्याय सहसा ठेवलेला असतो.

सप्टेंबर जमत नसेल, तरी मासे खाणाऱ्याने सॅन सेबास्टियन यादीतून काढू नये. तिथल्या कासा वायेस या जुन्या बारमध्ये ऑलिव्ह, खारवलेली अँचोवी ही छोटी मासळी आणि हिरवी मिरची एका काडीला टोचून देतात. अभिनेत्री रिटा हेवर्थच्या १९४६ सालच्या ‘गिल्डा’ या चित्रपटावरून त्या काडीला ‘गिल्डा’ हेच नाव पडले आहे, आणि ती खायला वर्षातला कोणताही महिना चालतो.