मिसरी सोडवायला सरकारी केंद्रात गेलो, पाचपैकी चार स्टार

आधीच सांगते, हा रिव्ह्यू दारू सोडवणाऱ्या सेंटरचा नाही. सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडायला मदत करणारा एक विभाग असतो, जिल्ह्याला असतो आणि आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातही ठरावीक दिवशी एक मॅडम येऊन बसतात, तिथं मी माझ्या धाकट्या जावेला घेऊन जाते. तिला दिवस गेलेत आणि ती मिसरी लावते. लावायची म्हणू आता. दवाखान्याचं नाव मुद्दाम टाकत नाही, उगाच तिथल्या लोकांना ताप नको.

मिसरी म्हणजे मुंबई-कोकणवाले जिला मशेरी म्हणतात तीच. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची, चुरून डब्यात भरायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटानं दाताला लावून मोरीपाशी बसायचं, पंधरा मिनिटं म्हणता म्हणता अर्धा तास. भाजताना अख्ख्या आळीला ठसका लागतो तरी कुणी याला व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. टूथपेस्ट-टूथपावडरीत तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे म्हणे, पण घरच्या तव्यावर भाजलेलीला कोण विचारतंय.

आणि गोची इथंच होते. आधी ज्या खासगी दवाखान्यात नाव घातलं होतं तिथं पेपर भरताना सिस्टरनं विचारलं, दारू-सिगारेट काही? जाऊ हसली आणि नाही म्हणाली, आणि तिच्या बाजूनं ते खोटं पण नव्हतं. मग रक्त झालं, लघवी झाली, सोनोग्राफी झाली, पैसे व्यवस्थित घेतले, पण हिमोग्लोबिन चढत नव्हतं तरी तोंडात काय जातंय हे कुणी विचारलं नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे ती स्कीम, आशाताई मागंच लागल्या म्हणून गेलो. तिथल्या नर्सबाईंनी प्रश्नच वेगळा टाकला, "दाताला काय लावतेस गं?" पेस्ट. "आणि?" आणि मिसरी. किती वेळा? तेव्हा मला कळलं की सकाळ-संध्याकाळ तर आहेच, दुपारी भांडी झाल्यावर पण एक राउंड असतो. एक अख्खा स्टार या एका प्रश्नाला, बाकीचं नंतर.

तिथून आम्हाला समुपदेशनवाल्या मॅडमकडं पाठवलं. मला वाटलं आता लेक्चर, कॅन्सरचे फोटो, रडारड. तसलं काही नाही. त्यांनी पहिलं विचारलं की नाही लावली तर नक्की काय होतं? जाऊ लाजत लाजत बोलली, ताई पोटच साफ होत नाही. आता हे ज्यांच्या घरात मिसरी आहे त्यांना बरोबर माहितीय, निम्म्या बायका त्यासाठीच लावतात, तंबाखूनं आतडं हलतं आणि मग शरीराला तशीच सवय लागते. त्यात गरोदरपणात पोट मुळातच जड, वरून लोहाच्या लाल गोळ्यांनी आणखी घट्ट, म्हणजे माहेरी गेल्यावर तिनं सोडायचा प्रयत्न केला होता तो का फसला ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. मॅडमनी लगेच डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी इसबगोल लिहून दिलं, गोळीची वेळ बदलून दिली, सकाळी कोमट पाणी आणि थोडं चालणं. मग दातांच्या डॉक्टरांकडं, कारण दिवस गेल्यावर हिरड्या सुजतात, रक्त येतं, आणि बायका दुखतंय म्हणून अजून जोरात मिसरी चोळतात. दात साफ करून दिले, काही पैसे नाहीत.

मीच मधे तोंड घातलं, की मेडिकलमध्ये ते निकोटिनचं च्युइंगम मिळतं ते देऊन टाका ना. नाही म्हणाल्या, त्यातही निकोटिनच आहे, पोटुशीला आधी बोलून, सवयी बदलून बघायचं, ते च्युइंगम डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

बाळाचं पण सांगितलं पण घाबरवून नाही. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, वारेतून बाळापर्यंत पोचतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि बाळाला रक्त कमी पडतं. मुंबईत १२१७ बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये छापून आलाय, त्यात मिसरीसारखा तोंडातला तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी आणि साधारण सहा दिवस आधी जन्मलेली निघाली. मी म्हटलं १०५ ग्रॅम म्हणजे काय एवढं? तर म्हणाल्या, बाळ अडीच किलोच्या काठावर असलं आणि आईला रक्त कमी असलं की तेवढंच पुरतं, आणि १०५ ही सरासरी आहे, कुणाचं किती घटेल सांगता येत नाही.

खरी अडचण पोट नव्हतं, आमच्या सासूबाई होत्या. आत्याबाईंचं ठरलेलं वाक्य, आमची पाच बाळंतपणं मिसरीवर झाली, काय झालं पोरांना? आणि घरात मिसरी त्याच भाजतात, वास सुटला की हिचा हात आपोआप डब्याकडं. मॅडम म्हणाल्या पुढच्या वेळी त्यांना घेऊन या. आल्या, फणकाऱ्यातच आल्या. मॅडमनी त्यांना सोडा म्हटलंच नाही! फक्त विचारलं, तुमच्या पोरांची वजनं किती होती? तेव्हा कोण वजन करत होतं, म्हणाल्या. बरं मग या वेळी आपण करू, म्हणाल्या मॅडम, तोवर डबा तुमच्याकडं ठेवा आणि सूनबाई घरात नसताना भाजा. आत्याबाईंनी स्वतः काही सोडली नाही, पण डबा मोरीच्या फळीवरून उचलून त्यांच्या ट्रंकेत गेला आणि किल्ली कमरेला. एवढं तर मला दहा वर्षांत जमलं नसतं.

पहिला आठवडा बेकार गेला, डोकं दुखायचं, पोरांवर ओरडायची, बडीशेप खाऊन खाऊन कंटाळली. मधे माहेरच्या लग्नात एकदा लावली, ते पण मॅडमना जाऊन सांगितलं, ओरडल्या नाहीत. आता आठवा महिना चालू आहे, डबा बंद आहे.

स्टार कुठं कापला ते ऐका. बसायची जागा म्हणजे बीपी-शुगरच्या लाइनला लागून एक पडदा, पलीकडच्याला सगळं ऐकू जातं, पोट साफ होत नाही हे तिनं तिथं कसं सांगितलं तिचं तिलाच माहीत. भिंतीवरची सगळी पोस्टर सिगारेट-गुटख्याची आणि बाप्यांची, मिसरीवाली बाई एकाही चित्रात नाही, मग बायकांना कसं कळणार की ही खोली आपली पण आहे. आणि मॅडम रजेवर असल्या की खिडकीवर कुणाला पत्ता नसतो, दोनदा रिकामी फेरी झाली.

ज्यांच्याकडं असं केंद्र जवळ नाही त्यांच्यासाठी सरकारचा फुकट नंबर आहे, १८००-११-२३५६, तंबाखूच्या पुडीवर फोटोखाली छापलेला असतो. आम्हाला लागला नाही. पण मिसरीचा तंबाखू सुट्टा आणला तर ना पुडी ना फोटो ना नंबर, म्हणून इथं लिहिला.

जाणार असाल तर दहाच्या आत जा, माता-बाल कार्ड आणि जुने रिपोर्ट न्या, आधी आशाताईंना फोन करून मॅडम आल्यात का विचारून घ्या. नवऱ्याला नेलं नाही तरी चालेल, सासूला न्या.