अडतीच्या सॉफ्टवेअरला मराठी मदत बसवून घेतली, त्याचा अनुभव

सांगली मार्केट यार्डात आमची अडत आहे, हळद आणि बेदाणा. पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या मालाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर सहा वर्षं वापरतोय पण त्यातली हेल्प कुणी वाचलेली नव्हती. वाचणार तरी काय, सगळी इंग्रजी, त्यात फाईल सर्व्हरवर, दुसऱ्या मशीनवरनं उघडली की डावीकडं नुसती यादी आणि उजवीकडं पान कोरं. नंतर कळलं की जुनी सीएचएम (विंडोजच्या हेल्पची) फाईल नेटवर्कवरनं उघडली की विंडोजच सुरक्षेसाठी आतला मजकूर अडवतं, मशीनवर कॉपी केली की चालते. सहा वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मागच्या मार्चात नवीन पोरगा पट्टी करत होता. 'टेअर' नावाचा रकाना आहे, त्यात एका पोत्याचं बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन टाकायचं, ते १ किलो. पोती होती १८, यानं १८ टाकलं, सॉफ्टवेअरनं १८ गुणिले १८ करून ३२४ किलो कापले. ३०६ किलो जादा गेले, क्विंटलला १४ हजारच्या दरानं ४२,८४० रुपये! वाळव्याचे काका पट्टी घेऊन परत आले, म्हणाले "दिवाणजी, माझी पाच-सहा पोती गेली कुठं ओ?" पैसे तिथल्या तिथं दिले, पण वर्षभर राबून आणलेला माल आमच्या एका रकान्यानं खाल्ला याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून या हंगामाआधी विश्रामबागच्या दोन ताईंना मराठी हेल्प लिहून बसवायचं काम दिलं. त्यांचं सगळ्यात आवडलं ते म्हणजे आल्या आल्या लिहायला बसल्या नाहीत, दोन दिवस सौद्याच्या वेळेला दिवाणजींच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि पोरं एकमेकांना काय विचारतात तेवढंच वहीत उतरवून घेतलं. "हे एका पोत्याचं का सगळ्यांचं रे?" हा प्रश्न त्यांनी पाच वेळा ऐकला. आता कर्सर त्या रकान्यात गेला की स्क्रीनच्या तळाशी ओळ येते, "एका पोत्याचं बारदान किलोत टाका. पोती १८ असली तरी इथं १ च. एकूण वजावट पुढं आपोआप येते." बास, एवढंच. जास्त पाहिजे असेल तर एफ १ दाबायचं, त्याच रकान्याचं पान उघडतं, खऱ्या पट्टीचं उदाहरण घेऊन. प्रत्येक स्क्रीनला आणि रकान्याला एक नंबर असतो, तो नंबर त्या मजकुराला जोडलाय, म्हणून शोधत बसावं लागत नाही.

पहिल्यांदा मात्र चुकलं होतं. माऊस वर नेला की पिवळी चौकट यायची, आणि आमच्याकडं माऊसला हात कोण लावतंय, सगळं काम आकडे आणि एंटरवर. वर ती चौकट नेमका वजनाचा रकाना झाकायची. दिवाणजी वैतागले, पण ताईंनी वाद न घालता आठवड्यात बदलून दिलं, वेगळे पैसे घेतले नाहीत.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, त्याच्या रकान्यालाही नीट लिहिलंय, एका विक्रेत्याकडून वर्षात ५० लाखांच्या वर खरेदी गेली की वरच्या रकमेवरच ०.१ टक्का. आधी आमचा पोरगा सगळ्या रकमेवर कापायचा. असले नियम बदलतात म्हणून मी अडून बसलो होतो की मजकूर आमच्या हातात पाहिजे, तर त्यांनी सगळा एक्सेलमध्ये दिलाय, आपण बदलून सेव्ह केलं की स्क्रीनवर बदलतो. काम देताना हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर दरवेळी फोन करत बसाल.

तक्रार एकच. बेदाण्याचं काम घाईत झालंय. बेदाणा १५ किलोच्या बॉक्समध्ये येतो तरी तिथं हळदीचाच मजकूर चिकटवलाय, बॉक्सच्या स्क्रीनवर "पोत्यामागे" वाचून पोरं गोंधळतात. हळदीइतकंच तिथंही शेजारी बसून बघायला पाहिजे होतं, सौदे लांब नव्हते, यार्डातच होते.

पाचपैकी चार देतोय. बेदाण्याचं दुरुस्त करायला ताई येत्या बुधवारी सौद्याला येऊन बसणार आहेत, खुर्ची आत्ताच दिवाणजींच्या शेजारी लावून ठेवलीय.